एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र

परिपत्रक
येलहंका, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

येलहंका माजी सैनिक मंडळाच्या सर्व सभासदांना, आणि आपल्या दिवंगत सोबत्यांच्या पत्नींना,

जयहिंद.

परवा चौदा तारखेला माजी सैनिक दिन. आपल्याला मांडवात रांगेनं बसवतील, खांद्यावर शाल टाकतील, फोटो काढतील आणि खाराभात-केसरीभात देऊन घरी पाठवतील. शाल घ्या. केसरीभात खा. पण घास तोंडात असताना एवढं आठवा की आपल्यापैकी एक बाई चौदा महिने त्याच कचेरीच्या दारात उभी आहे आणि तिला बसायला खुर्चीही कोणी दिलेली नाही.

हवालदार बिंदुमाधव आपल्या मंडळाचे सभासद होते. बावीस वर्षं त्यांनी लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी तुंगाबाई यांनी फॅमिली पेन्शनचा अर्ज केला. अर्ज तीन वेळा परत आला. कारण काय? रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव गिरिजा आहे आणि आधार कार्डावर तुंगा!

अरे, लग्नात मुलीचं नाव बदलतात हे कोणाला माहीत नाही? ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो, पेढे वाटतात. आपल्या घरोघरी ही रीत आहे. माहेरची तुंगा ती सासरची गिरिजा. यात शंका घेण्यासारखं काय आहे? जन्मतारीखही जुळत नाही म्हणतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोणा अर्धवट झोपेतल्या कारकुनानं भलताच आकडा लिहिला असेल. त्याची शिक्षा या बाईला?

ज्याची चूक त्यानं निस्तरावी असा सैन्यात नियम असतो. इथे चूक कचेरीची आणि निस्तरायची विधवेनं.

सोमवार, २७ जानेवारी. सकाळी दहा वाजता पेन्शन कचेरीच्या पायऱ्यांवर आपण बसणार आहोत. पदकं लावून या.

मल्हारराव
सुभेदार (निवृत्त), अध्यक्ष

---

येलहंका
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. नव्हे, आता काय लिहावं तेही सुचत नाही; तुंगावहिनींस मल्हाररावाचा नमस्कार.

सोबत स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र आहे. कचेरीतूनच त्याचा छापील नमुना मिळतो. वकिलानं तुमच्यासाठी मराठीतही करून दिलंय, म्हणजे तुम्हाला वाचता येईल. त्यात एवढंच आहे : “मी शपथेवर लिहून देते की गिरिजा आणि तुंगाबाई ही दोन्ही नावं माझीच असून ती एकच व्यक्ती आहे.” खाली पेन्सिलनं फुली मारली आहे तिथे सही करा आणि उलट टपाली पाठवा. बाकीचं मी बघतो.

बिंदुमाधव असता तर म्हणाला असता, “मल्हार, तू आहेस म्हणजे माझं काम झालं.” त्याचा तो शब्द मी खाली पडू देणार नाही.

गौरी लेकीला आशीर्वाद. तिला म्हणावं, काका म्हातारा झाला तरी आवाज अजून परेड ग्राउंडचाच आहे.

आपला,
मल्हारराव

---

इलेक्ट्रॉनिक सिटी
२२ जानेवारी २०२५

मल्हारअण्णांस, तुंगाचा सा. नमस्कार.

पत्र आणि कागद मिळाला. मी फोन केला असता, पण फोनवर तुम्ही “वहिनी, ऐका” म्हणता आणि मग अर्धा तास मी ऐकतच बसते. भेटायला यावं तर गौरीच्या या नवव्या मजल्यावरून येलहंका म्हणजे परदेश. ऑटोवाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी तो हसतो. म्हणून लिहिते. कागदावर तुम्हाला माझं बोलणं तोडता यायचं नाही.

तुम्ही माझ्यासाठी धावपळ करता, त्याचे उपकार आहेत. पण त्या कागदावर मी सही करणार नाही. कारण विचारू नका.

दुसरं, सत्तावीस तारखेला पायऱ्यांवर बसायचं असेल तर बसा. पण माझं नाव घेऊन बसू नका. इतर कितीतरी बायका आहेत, त्यांच्यासाठी बसा.

मी मजेत आहे. सकाळचे तीन-चार तास कामात जातात, बाकी वेळ वाचते. ह्यांची स्वेटरं धुऊन ठेवली आहेत. तुमच्या अंगाला होत असतील तर एक घेऊन जा.

तुंगा

---

येलहंका
२५ जानेवारी २०२५

वहिनी,

कारण विचारू नका म्हणता? मी विचारणार! एका सहीसाठी तुम्ही चौदा महिन्यांची लढाई हरायला निघालात? शपथेवर लिहायला भीती वाटते का? शपथेला खोट्या माणसानं भ्यावं. तुम्ही काय खोटं लिहिणार आहात? गिरिजा तुम्हीच, तुंगा तुम्हीच.

की मान आडवा येतो? “मी का सिद्ध करू मी कोण ते?” असं वाटत असेल तर वहिनी, मला ते शंभर टक्के कळतं. मी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जातो. मशीन माझा अंगठा ओळखत नाही. म्हातारपणी रेषा झिजल्या. समोरचा पोरगा म्हणतो, “सर, तुम्ही मॅच होत नाही.” मी त्याच्यासमोर उभा असतो, त्याच्याशी भांडत असतो, आणि मी जिवंत असल्याचा पुरावा त्याला माझ्या अंगठ्यात हवा असतो! पण मी अंगठा पुसतो आणि परत लावतो. पाच वेळा लावतो. कारण चूल त्यावर पेटते.

मंडळातली सगळी माणसं तुमच्या नावावर जमली आहेत. आता मागे फिरता येणार नाही. त्या काळच्या कुठल्या गाढव कारकुनानं ती नोंद केली ते मला कळलं तर मी त्याला आजही उभा करीन.

सही पाठवा.

मल्हारराव

---

येलहंका
३० जानेवारी २०२५

वहिनी, जिंकलो!

एकेचाळीस माणसं आली. शिवाप्पा गुडघ्याला पट्टा बांधून आला. श्रीधरराव काठी टेकत आले. मी पंचवीस मिनिटं बोललो. बाहेरचे चहावालेसुद्धा ऐकत उभे होते.

काउंटरवर पवित्रा नावाची एक मुलगी बसते. तिनं तोंड उघडलं, “अंकल, नुसतं नाव नाही, जन्मतारखेत चार वर्षांचा फरक आहे. आणि रेकॉर्डमधलं लग्न शहात्तरचं आहे. आंटींनी दिलेल्या लग्नपत्रिकेत एक्याऐंशी आहे.” मी म्हणालो, “बाळ, तुझे आईवडील शाळेत होते तेव्हा आम्ही बर्फात उभे होतो. तू मला तारखा शिकवतेस?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून आत गेली. बहुधा रडली. रडू दे. कोणीतरी एकदा रडल्याशिवाय या कचेऱ्यांची झोप मोडत नाही.

मग मोठे साहेब स्वतः बाहेर आले. म्हणाले, “सुभेदारसाहेब, कशाला त्रास घेता? एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, पंधरा दिवसांत पेन्शन सुरू करतो. मागची थकबाकीही देतो.”

बघा! सगळं तुमच्या एका सहीवर येऊन थांबलंय. त्या मुलीविरुद्ध मी लेखी तक्रार लिहिली आहे, सोमवारी देणार. एक पत्रकारही तुम्हाला भेटायला येतो म्हणतो. त्याला काय सांगायचं ते मी लिहून पाठवतो.

मल्हारराव

---

इलेक्ट्रॉनिक सिटी
१ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

ती तक्रार देऊ नका. त्या मुलीचं काही चुकलेलं नाही. तुम्ही इतक्या जणांदेखत जिला रडवलंत, ती एकटी खरं बोलत होती. सोमवारच्या आत पोचावं म्हणून गौरी हे तिच्या ऑफिसच्या कुरियरनं पाठवते आहे. तिला पाकिटात काय आहे ते ठाऊक नाही. खाली बसून वाचा.

रेकॉर्डमधली गिरिजा मी नव्हे. ती दुसरी बाई होती. ह्यांची पहिली बायको. लग्न शहात्तर साली झालं. एकोणऐंशीच्या श्रावणात ती कोलारकडच्या खेड्यात, माहेरी, बाळंतपणात गेली. मूलही गेलं. ती तेवीस वर्षांची होती.

एक्याऐंशीच्या मे महिन्यात माझं लग्न झालं, यशवंतपूरला, मंडीमागच्या छत्रात, म्हणजे कार्यालयात. तुमच्या कंपनीतून सहा जण ट्रकनं आले होते. तुम्ही होता, शिवाप्पा होते, श्रीधरराव होते. ताटात तांदूळ आले. ह्यांनी अंगठी हातात घेतली आणि थांबले. तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, “अरे, लिही की! नाव तर रजिस्टरला चढलेलंच आहे. वहिनी, तुम्ही नशीबवान. दुसऱ्यांची नोंद व्हायला सहा महिने लागतात, तुमची आधीच झाली आहे.” सगळे हसले. मी एकवीस वर्षांची. मलाही वाटलं, काहीतरी चांगलंच असेल.

ह्यांनी लिहिलं, गिरिजा.

क्वार्टर्समध्ये राहायला गेल्यावर शेजारच्या चंद्राबाईंनी विचारलं, “तू दुसरी गिरिजा ना?” तेव्हा मला कळलं. मग मी ह्यांना विचारलं. ह्यांनी सगळं सांगितलं. पहिलीच्या मृत्यूची नोंद करायला दाखला लागत होता, तो ह्यांनी आणला नव्हता. ती नोंद नाही म्हणून दुसऱ्या लग्नाची नोंद होईना. कंपनीच्या कारकुनानं उपाय सुचवला : नाहीतरी बायकोचं नाव तुम्ही बदलणारच, मग जुनंच ठेवा. कागद जागेवर राहील, कोणाला त्रास नाही.

तो कारकून तुम्ही, अण्णा.

मला वाटलं होतं तुम्हाला आठवत असेल आणि तुम्ही मुद्दाम गप्प असाल. मग तुमचं २५ तारखेचं पत्र वाचलं. तेव्हा कळलं की तुम्हाला खरंच आठवत नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

चाळीस वर्षं मी तिच्या नावाचं औषध घेतलं, तिच्या कार्डावर कॅन्टीनमधून साबण आणला. गौरी तापानं फणफणली होती तेव्हा दवाखान्यात नर्स “गिरिजा, गिरिजा” ओरडत होती आणि मी बाकावर बसून होते. माझ्या लक्षातच आलं नाही. नंबर गेला. सासूबाईंच्या तोंडून ते नाव कधी निघालं नाही, त्या “अगं मुली” म्हणत. हेही हाक मारायला जात आणि अर्ध्यात थांबत. पुढे पुढे हाक मारायचंच सोडलं. चौऱ्याण्णवला निवृत्तीच्या वेळी दोघांचा फोटो चिकटवला, त्याच्याखाली मी “गिरिजा” अशी सही केली. हे समोर उभे होते. तो खोटेपणा माझा आहे, तो मी तुमच्यावर ढकलत नाही.

मग आधार कार्डवाले आले. हे घरी नव्हते. समोरच्या मुलानं विचारलं, “अम्मा, निम्म हेसरेनु? नाव काय?” एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, तुंगा. जन्मतारीखही खरीच सांगितली. हे घरी आल्यावर डोक्याला हात लावून बसले. “जा, बदलून ये. मी गेल्यावर तू अडकशील.” मी म्हटलं, सरी, बरं, अडकले तर अडकले. मी गेले नाही.

आता तुमच्या कागदाबद्दल. तिथे सही केली तर मी शपथेवर काय सांगते? की ती आणि मी एकच. म्हणजे ती मेलीच नाही. म्हणजे ती कधी झालीच नव्हती. दर भाद्रपदात अविधवा नवमीला मी तिच्या नावानं स्वयंपाक केला, सवाष्ण जेवू घातली. हे होते तोवर, त्रेचाळीस वर्षं! ती कोण होती मग? मी माझंच पान वाढत होते का?

पैसे मला हवे आहेत. नको म्हणण्याइतकी मी मोठी नाही. पण ह्या सहीनं मिळाले तर माझ्या घशाखाली उतरणार नाहीत.

तुंगा

---

इलेक्ट्रॉनिक सिटी
३ मार्च २०२५

मल्हारकाका,

आईच्या पत्राला महिना झाला. तुमचं उत्तर नाही. फोन बंद. मंडळाच्या ग्रुपवरही तुम्ही गायब. म्हणून आईनं मला शेवटी सगळं सांगितलं, आणि तिच्यासारखं मला हातानं छान लिहिता येत नसलं तरी हे मी टाइप न करता लिहिते आहे, कारण तुम्हाला डिलीट करता येऊ नये.

माझ्या बर्थ सर्टिफिकेटवर आईचं नाव गिरिजा आहे. शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, सगळीकडे. मला आजवर वाटायचं, ते आईचं लग्नातलं नाव. काका, माझ्या जन्माच्या पाच वर्षं आधी वारलेल्या बाईच्या पोटी मी जन्मले आहे, असं भारत सरकारचं म्हणणं आहे. तुमचा तो शॉर्टकट एका फॉर्मचा होता ना? तो अजून चालूच आहे.

आणि हे आई तुम्हाला कधीच सांगणार नाही. “सकाळचे तीन-चार तास कामात जातात” म्हणजे ती आमच्या गल्लीतल्या पीजीत रोज दीडशे चपात्या लाटते. मी भांडले, रडले. म्हणते, “तुझ्या नवऱ्याच्या पगारावर बसून मी तत्त्वं सांभाळणार नाही.” पासष्टीला आली आहे ती.

मोठ्या साहेबांचा पंधरा दिवसांचा निरोप अजून तसाच आहे. मी तिला म्हटलं, आई, सही कर, संपव. ती म्हणाली, “मल्हारअण्णा उत्तर देतील. स्वल्प थांब.” तिला अजून तुमचा भरवसा आहे. मला नाही.

तुमची भाषणं मी लहानपणापासून ऐकत आले. आता जरा तुमचं गप्प राहणंही ऐकून घेतलं.

गौरी

---

येलहंका
१४ मार्च २०२५

तुंगावहिनी,

पहिले आठ दिवस मी भ्यालो होतो. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको. खोटी नोंद ठेवल्याबद्दल म्हातारपणी मला कोणी उभं केलं तर? माझीच पेन्शन अडकली तर? मंडळात तोंड कसं दाखवू? मंडळातल्या तिघांना अशीच भीती वाटली होती, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हसलो होतो. त्या पोरीविरुद्धची तक्रार फाडली एवढंच काय ते केलं.

नंतर आठवायला बसलो. सैनिकाच्या घरी लग्न, जन्म, मृत्यू झाला की कंपनीचा कारकून एक हुकूम काढतो आणि तो रेकॉर्डला जातो. असे हुकूम मी हजारांनी काढले. बिंदुमाधवची तार मीच फोडली होती : पत्नी वारली. रजा मीच लिहिली. मृत्यूचा हुकूम मात्र काढायचा राहिला. दाखला हातात नव्हता, साहेबांची वार्षिक तपासणी जवळ आली होती आणि माझ्या रजिस्टरात एकही जागा अर्धी दिसायला नको होती. दुसऱ्या लग्नाच्या वेळी दोन्ही हुकूम एकदम काढले असते तर मला विचारलं असतं, पावणेदोन वर्षं काय करत होतास? म्हणून मी ती युक्ती काढली. तुमची सोय म्हणून नव्हे, वहिनी. माझी कातडी वाचावी म्हणून. त्या वर्षी नीटनेटक्या रेकॉर्डबद्दल मला शाबासकी मिळाली.

विसरलो होतो हे खरं.

नंतर बसनं कोलारकडे गेलो. तीनदा. पहिल्यांदा ग्रामपंचायत बंद, दुसऱ्यांदा जुनी रजिस्टरं तालुक्याला गेलेली. तिसऱ्यांदा तलाठ्यासारखा एक भला माणूस भेटला, त्यानं माझ्याबरोबर बसून पानं उलटली. सापडली. ऑगस्ट १९७९. “गिरिजा, वय २३, बाळंतपणात.” शिक्क्यासह उतारा घेतला आहे. तिच्या धाकट्या भावाला भेटलो. म्हणाला, “अक्काबद्दल विचारायला इतक्या वर्षांत पहिले तुम्ही आलात.” मी का आलो ते त्याला शेवटी सांगितलं. त्यानं पाणी दिलं आणि आत गेला.

मग पवित्राकडे गेलो. माफी मागितली. ती म्हणाली, “अंकल, मोठे साहेब म्हणतात त्या कागदानं काम लगेच होईल. खरं लिहायचं असेल तर खूप लागेल.” काय लागतं ते तिनं लिहून दिलं. पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा उतारा, तो झाला. ज्यानं नोंद केली त्याचा कबुलीजबाब, तो मी देतो. आणि लग्नाला हजर असलेल्या, त्याच कंपनीतल्या दोन माणसांची शपथेवर साक्ष. माझी चालत नाही, कारण मी दोषी.

सांगा वहिनी, हे कसलं राज्य आहे! खोट्याचा छापील नमुना काउंटरवर मोफत मिळतो आणि पंधरा दिवसांत पैसे देतो. खऱ्याचा नमुनाच नाही. तो एका पोरीला हातानं लिहून द्यावा लागतो, आणि तीही मोठे साहेब बघत नाहीत ना, हे मागे वळून बघत लिहिते.

तुमची क्षमा मागायची आहे, पण कशी मागू?

मल्हारराव

---

इलेक्ट्रॉनिक सिटी
२० मार्च २०२५

मल्हारअण्णा,

क्षमा मागू नका. मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि आता ते जमणार नाही. नंतर बघू.

त्या मुलीला तुम्ही एकेचाळीस माणसांदेखत बोललात आणि माफी एकटीला गाठून मागितलीत. हे मला आवडलं नाही.

गिरिजाच्या भावाचा पत्ता पाठवा. ह्यांच्या पेटीत तिचा एक फोटो आहे, तो त्याला द्यायचा आहे.

साक्षीचं म्हणाल तर तुम्ही सोडून त्या सहांपैकी आता शिवाप्पा आणि श्रीधरराव दोघंच उरले. त्यांच्या घरी मी जाणार नाही. माझं लग्न झालं होतं हो, असं सांगत मी दारोदार फिरू का? ज्यांनी माझ्या लग्नात पुरणाची होळिगे खाल्ली, त्यांनी आपल्या पायांनी यावं.

चपात्यांचं गौरीनं लिहिलं ते मला कळलं. मी तिला रागावले आहे. चपात्या माझ्या चांगल्या होतात, मुलं नाव घेऊन कौतुक करतात. “तुंगा आंटी” म्हणतात.

तुंगा

---

परिपत्रक
येलहंका
युगादी, ३० मार्च २०२५

मंडळाच्या सर्व सभासदांना,

बारा जानेवारीच्या परिपत्रकात मी एका कारकुनाला शिव्या घातल्या होत्या. तो कारकून सापडला आहे. तो मी आहे.

हवालदार बिंदुमाधव यांची पहिली पत्नी गिरिजा १९७९ साली वारली. तिच्या मृत्यूची नोंद मी केली नाही. दोन वर्षांनी त्यांचं तुंगाबाईंशी लग्न झालं तेव्हा माझी चूक उघडी पडू नये म्हणून मेलेल्या बाईचं नाव मी जिवंत बाईला लावायला सांगितलं. आपल्या रितीनं मला आयतं साधन दिलं. नवरीला नाव विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही! मी रिकाम्या जागेत माणूस बसवला आणि त्याला रेकॉर्ड म्हटलं. गेली पंचवीस वर्षं याच तोंडानं मी तुमच्यासमोर न्यायाच्या गोष्टी केल्या.

सत्तावीस जानेवारीला काउंटरवरच्या पवित्रा या मुलीला मी तुमच्यादेखत अपमानित केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. ती बरोबर होती, मी चूक होतो. तिची माफी मी तुम्हा सगळ्यांदेखत मागतो. तुम्ही वाजवलेल्या टाळ्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आता कोणी म्हणेल, सुभेदार, झालं गेलं सोडा. बाईला सांगा सही करायला, पेन्शन घ्या, मोकळे व्हा. मलाही कचेरीतून हाच निरोप आहे. मी विचारतो, आपण शपथ घेऊन सैन्यात गेलो ना? त्या शपथेखातर बर्फात, वाळवंटात उभे राहिलो ना? मग एका बाईनं खोटी शपथ घ्यायला नकार दिला तर ती हट्टी कशी? आपल्यात अध्यक्ष, सचिव, सुभेदार, हवालदार सगळे आहेत. शपथेचा मान या मंडळात तिनं एकटीनं ठेवला आहे. ती आपल्या वर्गणीची सभासद नाही. दीडशे चपात्या लाटून ती तो मान ठेवते आहे.

कचेरीला मी सोडलेलं नाही. ज्या कचेरीत खोटं पंधरा दिवसांत आणि खरं पंधरा महिन्यांत चालतं, तिच्या पायऱ्यांवर मी पुन्हा बसणार आहे. पण त्याआधी घर झाडू.

शिवाप्पा, श्रीधरराव, हा मजकूर तुम्हा दोघांसाठी आहे आणि मी तो सगळ्यांदेखत लिहितो आहे. मी तुमच्या घरी येऊन गेलो. शिवाप्पा, तू गुडघे दाखवलेस. पदकं लावून पायऱ्यांवर बसायच्या दिवशी तेच गुडघे चालले होते. श्रीधरराव, तुम्ही म्हणालात, मुलाकडे म्हैसूरला जायचंय. अजून गेला नाहीत. काल दुकानात दिसलात. तुम्हाला भीती वाटते, जुनी नोंद उकरली तर आपल्यावर काही येईल. येणार असेल तर माझ्यावर येईल. कबुलीजबाब मी शुक्रवारीच दिला आहे, त्यावर माझी सही, माझा सैनिक क्रमांक, सगळं आहे. मला शिक्षा झाली तर मी ती घेईन. तुम्हाला फक्त तेवढंच सांगायचं आहे जे तुम्ही डोळ्यांनी बघितलं : मे १९८१, यशवंतपूर, नवरा बिंदुमाधव, नवरी तुंगा. तुम्ही तिथे होता. अक्षता टाकल्यात. वाढप्याला हाक मारून दुसऱ्यांदा जेवलात.

ही साक्ष देणारी जगात दोनच माणसं उरली आहेत. एकानं नाही म्हटलं तरी तुंगाबाई या देशाच्या कागदावर बिंदुमाधवांच्या कोणीही नाहीत, आणि गौरीला आई नाही.

बुधवारी, ९ एप्रिलला, सकाळी साडेदहा वाजता येलहंक्याच्या तालुका कचेरीत तहसीलदारांसमोर शपथेची वेळ घेतली आहे. कागद तयार आहे. रिक्षा दारात येईल, भाडं मंडळ देईल.

शिवाप्पा, श्रीधरराव, बुधवारी या आणि सही करा.

मल्हारराव